लाइट गेली, जनित्र मात्र गप्प!
दोष बहुधा इंजिनात नसून नियंत्रणाच्या दोन तारांत. रिमोट स्टार्टचे वायरिंग तपासण्याची सोपी रीत

पिंपरी, प्रतिनिधी - भोसरी, पिंपरी, तळवडे आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात वीज गेल्यावर काही सेकंदांत जनित्र सुरू होणे हे गृहीतच धरले जाते. प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात वीज परतण्यास विलंब झाला, की यंत्राच्या बॅरलमधील वितळलेला माल थिजतो. सीएनसी यंत्र मध्येच थांबल्यास हत्यार व जॉब दोन्ही वाया जाऊ शकतात. वाकड, रावेत, मोशी येथील उंच इमारतींत तर लिफ्टमध्ये माणूस अडकलेला असतो. अशा वेळी जनित्र आपोआप सुरू झाले नाही, की 'इंजिनात बिघाड' असा निष्कर्ष काढून मेकॅनिकला बोलावले जाते. तो येऊन जनित्रावरचे बटण दाबतो आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू होते. मग दोष कुठे होता? अनेकदा तो जनित्र आणि पॅनेल यांना जोडणाऱ्या, बोटाएवढ्याही जाड नसलेल्या नियंत्रण केबलमध्ये असतो.

जनित्रांचे शहर

डिझेल इंजिन व जनित्रांशी पुणे परिसराचे नाते जुने आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ मध्ये खडकीत झाली, तर किर्लोस्कर कमिन्स १९६२ मध्ये कोथरूडला उभी राहिली. त्याच वर्षी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचीही स्थापना झाली. पुढे भारनियमनाच्या काळात या जनित्रांनी शहरालाही हात दिला. २००६ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने राबविण्यात आलेल्या 'पुणे मॉडेल'नुसार उद्योगांनी कमाल मागणीच्या वेळी स्वतःची जनित्रे चालवली व त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळाली. त्या वेळचे नियमित भारनियमन आता राहिलेले नाही. परंतु वीज अचानक जाण्याचा धोका टळलेला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये दाट धुके व दवामुळे लोणीकंद आणि चाकण येथील अतिउच्चदाब वाहिन्या सकाळी बंद पडल्या आणि पुणे, पिंपरी-चिंचवडसह चाकण औद्योगिक परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला. वीज क्वचित जाते तेव्हाच जनित्र वर्षातून मोजक्या वेळा चालते आणि तारांतील दोष महिनोन्महिने लपून राहतो.

यंत्रणा चालते कशी?

जनित्रापासून दूर, बहुधा मीटर रूममध्ये, एक स्वयंचलित पॅनेल असते. तंत्रज्ञ त्याला 'एएमएफ पॅनेल' म्हणतात. महावितरणचा पुरवठा गेला किंवा एखादा फेज तुटला, की हे पॅनेल काही सेकंद वाट पाहते. नंतर त्यातील एक छोटा रिले मिटतो. या रिलेच्या संपर्कात स्वतःची वीज नसते. तो फक्त दोन तारा एकमेकींना जोडतो. जनित्रावरील नियंत्रक ही जोडणी ओळखून सेल्फला व इंधनाच्या सोलेनॉइडला बॅटरीचा पुरवठा देतो. इंजिन सुरू न झाल्यास ठरावीक वेळा, बहुधा तीनदा, प्रयत्न करून नियंत्रक थांबतो आणि बिघाडाची खूण दाखवतो. वीज परत आल्यावर रिले उघडतो, भार पुन्हा महावितरणकडे जातो आणि इंजिन थोडा वेळ रिकामे चालून बंद होते.

तारा जोडलेल्या असेपर्यंत चालू आणि सुटल्या की बंद, ही झाली दोन तारांची पद्धत. तीन तारांच्या पद्धतीत 'स्टार्ट' व 'स्टॉप' ही वेगवेगळी, क्षणभर दाबायची बटणे असतात व तिसरी तार सामाईक असते. परदेशात मोटरहोममधील जनित्र चालकाजवळच्या बटणाने सुरू करतात, तेथेही तत्त्व हेच असते. आपले जनित्र कोणत्या पद्धतीचे आहे, हे त्याच्या वायरिंगच्या नकाशात पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. तीन तारांच्या जनित्राला दोन तारांचे समजून 'स्टार्ट'ची जोडणी कायम ठेवल्यास सेल्फ फिरतच राहून जळू शकतो.

आधी साध्या गोष्टी

मल्टिमीटर हाती घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. नियंत्रक 'ऑटो'वर आहे का? सर्व्हिसिंगनंतर तो 'मॅन्युअल' किंवा 'ऑफ'वरच राहून जाणे ही नेहमीची चूक आहे. आपत्कालीन थांबा म्हणून असलेले लाल बटण दाबलेले तर नाही ना? ते जनित्राच्या कॅनॉपीवर असते तसे कधी पॅनेलवरही असते, दोन्ही पाहावीत. आणि मागच्या बिघाडाची खूण नियंत्रकावर तशीच आहे का? कारण शोधून ती रिसेट केल्याशिवाय नियंत्रक नव्या हुकमाला दाद देत नाही.

यानंतर बॅटरी. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरताना ती ९.५ ते १० व्होल्टच्या खाली गेल्यास बॅटरी थकली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर गंज साचला आहे, असे समजावे. मोठ्या जनित्रांत २४ व्होल्टची यंत्रणा असते, तेथे हे आकडे दुप्पट धरावेत. बॅटरी भरणारा छोटा चार्जर महावितरणच्या विजेवर चालतो. त्याचा एमसीबी कोणी बंद केला, तर बॅटरी हळूहळू उतरते आणि नेमक्या गरजेच्या दिवशी दगा देते.

दोष अर्ध्यावर आणा

आता खरी तपासणी. दोन तारांच्या पद्धतीत ती तीन टप्प्यांत होते. इंजिनाच्या पंख्याजवळ व पट्ट्याजवळ कोणी नाही, याची खात्री प्रत्येक वेळी करावी. कारण जोडणी होताच इंजिन सुरू होऊ शकते.

पहिला टप्पा : जनित्रावरील बटणाने इंजिन सुरू करावे. झाले नाही तर दोष इंजिन, बॅटरी किंवा इंधनाच्या बाजूला आहे. रिमोटच्या तारांना दोष देऊ नये.

दुसरा टप्पा : पॅनेलकडून येणाऱ्या दोन तारा जनित्राच्या टोकाला सोडवाव्यात, नियंत्रक 'ऑटो'वर ठेवून तेथील दोन टर्मिनल तारेच्या छोट्या तुकड्याने जोडावीत. इंजिन सुरू झाले, तर जनित्र व नियंत्रक निर्दोष ठरतात. झाले नाही, तर नियंत्रकाचा फ्यूज, ऋण बाजूची जोडणी किंवा त्याची मांडणी तपासावी.

तिसरा टप्पा : तारा पुन्हा जोडून हीच कृती पॅनेलच्या टोकाला करावी. इंजिन सुरू झाल्यास केबल ठीक असून दोष पॅनेलमधील रिलेत किंवा वीज गेल्याचे ओळखणाऱ्या भागात आहे. न झाल्यास दोष केबलमध्येच आहे.

या तीन पायऱ्यांत शोधाचे क्षेत्र एका केबलपुरते किंवा एका रिलेपुरते उरते. भाग बदलत बसण्याचा खर्च वाचतो.

मीटर फसवतो तो असा

केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दिसले, तरी केबल चांगली असेलच असे नाही. मीटर जवळजवळ शून्य प्रवाह घेतो. त्यामुळे गंजलेल्या, एका धाग्यावर तगलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण दाब दिसतो. म्हणूनच जाणकार इलेक्ट्रिशियन केबलची दोन्ही टोके सोडवून तिच्यातून बॅटरीवर छोटा दिवा पेटवून पाहतात. दिवा मंद लागला, की जोड कच्चा आहे हे कळते.

केबलची लांबीही महत्त्वाची. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. जनित्र ४० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ८० मीटर म्हणजे साधारण एक ओहम. या तारेतून रिलेचा ०.१५ अँपियर प्रवाह नेला तर दाब केवळ ०.१५ व्होल्टने घटतो. पण कोणी रिले वगळून १० अँपियर घेणारे सोलेनॉइड थेट या तारेवर चालवू पाहिले, तर १० व्होल्ट तारेतच संपतात. 'जवळून चालते, लांबून चालत नाही' या तक्रारीचे कारण अनेकदा हेच असते. उपाय म्हणजे लांबच्या तारेवर फक्त रिले चालवावा व जड प्रवाह रिलेने जनित्राजवळच सोडावा.

उलट दोषही आढळतो. वीज असतानाच जनित्र सुरू होते किंवा बंदच होत नाही. अशा वेळी उंदरांनी कुरतडलेली किंवा पावसाळ्यात डक्टमध्ये पाण्यात राहिलेली केबल पाहावी. दोन तारा आपसात किंवा कॅनॉपीच्या धातूला टेकलेल्या असू शकतात. नियंत्रणाच्या तारा ४१५ व्होल्टच्या केबलसोबत एकाच पाइपातून नेऊ नयेत. त्यांत दाब प्रवर्तित होऊन नियंत्रक गोंधळतो.

येथे थांबा

नियंत्रणाची बाजू १२ किंवा २४ व्होल्टची असली, तरी त्याच पॅनेलमध्ये ४१५ व्होल्टही असतात. ती बाजू परवानाधारक विद्युत ठेकेदारावरच सोपवावी. तारा सोडवण्यापूर्वी नियंत्रक 'ऑफ'वर ठेवून बॅटरीची ऋण तार काढावी व 'काम सुरू आहे' अशी पाटी लावावी. चाचणीपुरतीच ती पुन्हा जोडावी. चेंजओव्हरमधील इंटरलॉक कोणत्याही कारणाने निकामी करू नये. जनित्राची वीज उलट महावितरणच्या वाहिनीत गेली, तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतते. बंद जागेत जनित्र चालवून चाचणी घेणेही घातक आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

महिन्यातून एकदा पॅनेलचा मुख्य पुरवठा बंद करून, म्हणजे जनित्रावरचे बटण न दाबता, भारासह चाचणी घेणे हा सर्वांत स्वस्त विमा होय. औद्योगिक पट्ट्यात गुरुवारची साप्ताहिक सुटी त्यासाठी सोयीची, तर गृहसंस्थांनी आधी सूचना लावून दुपारची वेळ निवडावी. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची पट्टी आणि पॅनेलच्या दाराला आतून वायरिंगचा नकाशा असला, तर पुढच्या वेळी दोष शोधण्यास दिवस नव्हे, अर्धा तास पुरतो.