नाकातल्या नळीचा नंबर

‘सिस्टर, यापेक्षा बारीक नळी नाही का?’ नाकातून जठरात जाणारी राईल्स ट्यूब घालायला घेतली की नातेवाईक हमखास विचारतात. विचारायलाच हवं. बारीक नळी असते; पण ती या रुग्णाला चालेल का, हे नळीतून काय जाणार आणि पोटात जाणार की पोटातून बाहेर येणार, यावर ठरतं.

नळीचा नंबर म्हणजे तिचा बाहेरचा व्यास, फ्रेंच या एककात मोजलेला. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, म्हणून १६ नंबरची नळी साधारण ५.३ मिलिमीटर जाडीची.

आतड्यात अडथळा आला, पोट फुगलं, हिरव्या उलट्या होऊ लागल्या, की जठर रिकामं करायचं असतं. घट्ट स्राव आणि अन्नाचे कण बाहेर यायचे, तर मोठ्या माणसाला १४ ते १८ नंबर लागतो. मऊ, बारीक नळी सक्शन लावताच आतल्या आत मिटते. सक्शन सतत ठेवायचं असेल तर दुहेरी पोकळीची सेलम संप नळी चांगली. तिच्या निळ्या शेपटीतून हवा आत जाते, त्यामुळे नळीची भोकं जठराच्या अस्तराला चिकटत नाहीत. ती शेपटी गळते म्हणून कुणी गाठ मारतं. तसं कधीही करू नये. ती पोटाच्या पातळीपेक्षा वर ठेवावी.

फक्त भरवायचं असेल तर ८ ते १२ नंबर पुरतो. साधी पीव्हीसीची नळी आठवडा-दहा दिवसांत कडक होते. पॉलियुरेथेनची मऊ राहते, चार ते सहा आठवडे टिकते आणि तिची भिंत पातळ असल्याने त्याच जाडीत आतली वाट रुंद मिळते. सिलिकॉन आणखी मऊ, पण भिंत जाड.

आपल्याकडे मात्र नळीतून बऱ्याचदा घरचंच जातं: नाचणीची पेज, डाळीचं पाणी, कुटलेल्या गोळ्या. आठ नंबर त्यात तुंबतो. अशा घरी डॉक्टरांना विचारून १२ घ्यावा, पेज गाळावी आणि आधी-नंतर पाणी सोडावं, असं माझं मत आहे.

शस्त्रक्रियेनंतर पोट चालू झालं, तरी निचऱ्याचीच जाड नळी पुढे भरवायला ठेवली जाते. पुन्हा नळी घालण्याचा त्रास नको, ही भावना मला कळते. दोन-चार दिवसांसाठी ठीक. पण पुढे तिने नाकात जखम होते, अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट मिटत नाही आणि अन्न वर येऊन श्वासमार्गात शिरण्याची भीती वाढते. भरवणं लांबणार असेल तर नळी बदलायची आठवण आपणच करावी.

नंबर कोणताही असो, कवटीच्या तळाला फ्रॅक्चरची शंका असेल तर नळी नाकातून नाही, तोंडातून.

लांबी नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून उरोस्थीच्या खालच्या टोकापर्यंत मोजावी. नळी घातल्यावर हवा सोडून स्टेथोस्कोपने ऐकलेला आवाज फसवतो. नळी फुप्फुसात असतानाही तो पोटात ऐकू येऊ शकतो. ओढलेल्या स्रावाचा पीएच ५.५ किंवा कमी हवा. ॲसिडिटीच्या औषधांमुळे तो जास्त आला, किंवा स्राव आलाच नाही, तर एक्स-रे पाहिल्याशिवाय नळीत पाणीसुद्धा सोडू नये.