सुभाष खोत

सुभाष खोत (जन्म : १० जून १९७८, इचलकरंजी) हे भारतीय-अमेरिकन सैद्धांतिक संगणकशास्त्रज्ञ असून न्यू यॉर्क विद्यापीठाच्या कूरांट गणितीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक आहेत. २००२ साली त्यांनी मांडलेले 'युनिक गेम्स' अनुमान हे संगणकशास्त्रातील अत्यंत महत्त्वाच्या अनिर्णित प्रश्नांपैकी एक मानले जाते. या कार्यासाठी त्यांना २०१४ चे रोल्फ नेवानलिना पारितोषिक देण्यात आले.

जीवन

खोत यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील यंत्रमागांसाठी प्रसिद्ध असलेल्या इचलकरंजी या शहरात झाला. आई-वडील दोघेही वैद्यकीय व्यवसायात होते. शालेय शिक्षण इचलकरंजीतच झाले. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये त्यांनी १९९४ व १९९५ अशी सलग दोन वर्षे भारतासाठी रौप्यपदक मिळवले. १९९५ च्या आय.आय.टी. प्रवेश परीक्षेत ते देशात पहिले आले. महानगरातील नामांकित महाविद्यालयांचे पाठबळ नसलेल्या गावातून हे यश आले, ही बाब उल्लेखनीय आहे.

मुंबईच्या आय.आय.टी.मधून १९९९ मध्ये संगणकशास्त्राची पदवी घेऊन ते प्रिन्स्टन विद्यापीठात गेले. तेथे संजीव अरोरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००३ मध्ये त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली. प्रिन्स्टनची प्रगत अध्ययन संस्था व जॉर्जिया टेक येथे काही काळ काम केल्यानंतर २००७ मध्ये ते न्यू यॉर्क विद्यापीठात रुजू झाले. मध्यंतरी ते शिकागो विद्यापीठातही प्राध्यापक होते.

पार्श्वभूमी

काही प्रश्नांचे अचूक उत्तर शोधण्यास संगणकालाही अवाजवी काळ लागतो, असा तज्ज्ञांचा दृढ समज आहे. अशा प्रश्नांना 'एन.पी.-कठीण' म्हणतात. मग अचूक नाही तरी अचूकाच्या जवळपासचे उत्तर लवकर मिळेल काय, आणि किती जवळचे, हा खोत यांच्या संशोधनाचा विषय होय.

उदाहरणार्थ, एखाद्या गावात प्रत्येक रस्त्याच्या किमान एका टोकाला पहारेकरी हवा आहे आणि पहारेकऱ्यांची संख्या कमीत कमी ठेवायची आहे. चारदोन गल्ल्यांच्या वाडीत हे कागदावर सुटते. हजारो चौकांच्या नगरात मात्र अचूक उत्तर हाती लागत नाही. तेथे एक साधी युक्ती चालते. पहारा नसलेला कोणताही रस्ता घ्यावा, त्याच्या दोन्ही टोकांना माणूस उभा करावा आणि सर्व रस्ते संपेपर्यंत हेच करीत जावे. असे निवडलेले रस्ते एकमेकांना कोठेही मिळत नाहीत. त्यांपैकी प्रत्येकासाठी निदान एक माणूस कोणत्याही योजनेत लागणारच. म्हणून या युक्तीने नेमलेली माणसे किमान संख्येच्या दुपटीहून कधीही अधिक होत नाहीत. दुपटीऐवजी पावणेदोन पटीची हमी देणारी जलद पद्धत मात्र आजवर कोणालाही सापडलेली नाही.

युनिक गेम्स अनुमान

या नावातील 'खेळ' म्हणजे एक प्रकारची उलटतपासणी आहे. परस्परांशी बोलू न शकणाऱ्या दोन साक्षीदारांना वेगवेगळे प्रश्न विचारायचे आणि त्यांची उत्तरे जुळतात का ते पाहायचे. एकाचे उत्तर ठरले की दुसऱ्याचे जुळणारे उत्तर एकच असते, म्हणून हा खेळ 'युनिक', म्हणजे एकमेव उत्तराचा.

हीच गोष्ट रंगांच्या भाषेत सांगता येते. अनेक गावे आहेत आणि प्रत्येक गावाला ठरावीक रंगांपैकी एक द्यायचा आहे. जोडलेल्या दोन गावांसाठी असा नियम आहे की एकाचा रंग कळला की दुसऱ्याचा आपोआप निश्चित होतो. सर्वच्या सर्व नियम पाळता येणे शक्य असेल, तर प्रश्न अगदी सोपा आहे. एका गावाला एकेक रंग देऊन पाहिला की त्याच्याशी जोडलेल्या उरलेल्या गावांचे रंग ओळीने ठरत जातात. पण नियमांपैकी एक टक्का जरी चुकीचे असतील, तरी ही साखळी तुटते. खोत यांचे अनुमान असे : रंग पुरेसे असतील, तर ९९ टक्के नियम पाळता येणारी रचना आणि एक टक्काही पाळता न येणारी रचना यांत भेद करणे एन.पी.-कठीण आहे. पदवी मिळण्यापूर्वीच, २००२ साली, त्यांनी हे निबंधरूपाने मांडले.

एवढ्याशा विधानाचे परिणाम दूरगामी ठरले. अनुमान खरे असल्यास पहारेकऱ्यांच्या प्रश्नात दुपटीपेक्षा चांगली हमी अशक्य आहे, हे खोत व ओडेड रेगेव्ह यांनी दाखवले. गावांचे दोन गट पाडून गटांमधून जाणारे रस्ते जास्तीत जास्त कसे ठेवावेत, या प्रश्नावर गोमन्स व विल्यमसन यांची १९९५ ची पद्धत सुमारे ८७.८ टक्क्यांची हमी देते. तीही ओलांडता येणार नाही, असा निष्कर्ष खोत, किंडलर, मोसेल व ओडॉनेल यांनी काढला. त्यासाठी लागलेले एक प्रमेय मतदानाशी संबंधित निघाले. कोणाही एकाच्या मताला फार वजन नसेल, तर मतमोजणीतील तुरळक चुकांनी सर्वांत कमी ढळणारी पद्धत बहुमताचीच होय, असे ते सांगते. २००८ मध्ये प्रसाद राघवेंद्र यांनी अशा प्रश्नांच्या एका संपूर्ण वर्गासाठी सर्वोत्तम पद्धत एकच असल्याचे, अर्थातच अनुमान गृहीत धरून, सिद्ध केले.

अनुमानाविषयी मतभेद

अनुमान खरेच आहे याविषयी तज्ज्ञांत एकमत नव्हते आणि आजही नाही. २०१० मध्ये खुद्द खोत यांचे मार्गदर्शक अरोरा यांनी बोआझ बराक व डेव्हिड स्टॉयरर यांच्यासह या प्रश्नासाठी अपेक्षेहून बरीच वेगवान पद्धत शोधली. तिने अनुमान खोटे ठरले नाही, पण शंका बळावली.

२०१८ मध्ये पारडे दुसरीकडे झुकले. खोत, डोर मिंझर व मुली साफ्रा यांनी 'दोनास-दोन' नावाचे निकटचे अनुमान किंचित सौम्य स्वरूपात सिद्ध केले. त्यामुळे निम्मे नियम पाळता येणारी रचना आणि जवळजवळ काहीच पाळता न येणारी रचना वेगळी ओळखणे कठीण आहे, हे निश्चित झाले. पहारेकऱ्यांच्या प्रश्नात १.३६ पटीपर्यंतची हमी अशक्य असल्याचे आधी ठाऊक होते. ती मर्यादा आता १.४१ पर्यंत सरकली. निम्म्यापासून ९९ टक्क्यांपर्यंतचे अंतर अद्याप कापायचे आहे.

सन्मान

खोत यांना २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा ॲलन वॉटरमन पुरस्कार मिळाला. संगणकशास्त्राच्या गणिती अंगासाठी चाळिशीच्या आतील संशोधकास दिले जाणारे नेवानलिना पारितोषिक त्यांना २०१४ मध्ये सोल येथील आंतरराष्ट्रीय गणितज्ञ परिषदेत प्रदान झाले. त्याच परिषदेत मंजुल भार्गव यांना फील्ड्स पदक मिळाले होते. २००२ मध्ये नेवानलिना पारितोषिक मधू सुदान यांना मिळाले होते. पुढे या पारितोषिकाचे नाव बदलून ॲबॅकस पदक असे करण्यात आले. २०१६ मध्ये खोत यांना मॅकआर्थर अधिछात्रवृत्ती मिळाली आणि २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.