निम्मे नर, निम्म्या माद्या: पडद्याआड काय चालतं?

गैरसमज: नराच्या निम्म्या शुक्राणूंत एक्स गुणसूत्र, निम्म्यांत वाय; म्हणून नर-मादी सारख्याच संख्येने जन्मणार, हे ठरलेलंच.

वस्तुस्थिती: १९२८ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ सर्गेई गेर्शेन्सन यांनी ‘ड्रोसोफिला ऑब्स्क्युरा’ या माशीच्या अशा नरांची नोंद केली, ज्यांना जवळजवळ माद्याच होत. दोष नराच्या एक्स गुणसूत्रातच होता. त्याच्यामुळे वायवाले शुक्राणू निकामी होत. शुक्राणू वाया गेले तरी जी पिल्लं झाली, त्या बहुतेकांत तोच एक्स! माशीचं काडीचंही भलं न करता तो पसरू शकतो. अशा जनुकांना ‘स्वार्थी’ म्हणतात. जनुकाला अर्थातच मन नसतं की हेतू. ज्याच्या प्रती वाढतात ते टिकतं, इतकंच.

गैरसमज: प्रजातीला घातक ते निसर्ग आपोआप गाळून टाकतो.

वस्तुस्थिती: नैसर्गिक निवड प्रजातीचं हित बघत नाही. १९६७ साली जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी गणिताने दाखवलं, की असं गुणसूत्र मोकाट सुटलं तर अख्खी वस्ती संपू शकते. पण नर दुर्मिळ झाले, की उरलेल्या प्रत्येक नराला संतती जास्त होते. मग नर पुन्हा जन्माला घालणारं जनुक फोफावतं.

‘ड्रोसोफिला सिम्युलन्स’ या माशीत हे फार सुंदर दिसतं. तिच्या एक्सवर ‘डॉक्स’ नावाचं जनुक आहे. शुक्राणूतला डीएनए घट्ट बांधणाऱ्या प्रोटामाइन प्रथिनाच्या जनुकापासून ते घडलं आणि वायवाल्या शुक्राणूंच्या मुळावर उठलं. त्याला आवरतं ‘एनएमवाय’. हे जनुक म्हणजे डॉक्सचीच दुसऱ्या गुणसूत्रावर जाऊन बसलेली प्रत! तिचा आरएनए स्वतःवरच दुमडतो, त्याचे बारीक तुकडे होतात आणि ते तुकडे डॉक्सला गप्प करतात. काट्याने काटा काढणं ते हेच. म्हणून या माश्या मोजल्या तर नर-मादी निम्मे-निम्मेच भरतात. एनएमवाय बिघडलेल्या नरांतच डॉक्सचा प्रताप उघड होतो.

गैरसमज: सलग मुली झाल्या म्हणजे आईत, नाहीतर बापात, असंच काहीतरी असणार.

वस्तुस्थिती: चार अपत्यांच्या सुमारे सोळा घरांपैकी एका घरात चारही मुली निव्वळ योगायोगाने असतात. तरी आजही अनेक घरांत सुनेला बोल लावला जातो, आणि हे संतापजनक आहे. तिच्या बीजांडात एक्सच असतो; मुलगा की मुलगी हे शुक्राणूतल्या गुणसूत्रावर ठरतं, आणि तेही बापाच्या इच्छेने नव्हे.