चाक किती बाहेर, टायर किती रुंद?

पुढे केबिन आणि मागे माल ठेवण्यासाठी उघडा हौदा असलेली पिकअप गाडी तुम्ही पाहिलीच असेल. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, थायलंड अशा देशांत ती घरगुती वाहन म्हणूनही वापरली जाते. तेथील अनेक हौशी मालक कारखान्याने दिलेली चाके काढून बाजारातून अधिक रुंद चाके आणून बसवतात. आपल्याकडेही ही हौस आता दिसू लागली आहे. चाके मडगार्डच्या बाहेर डोकावू लागली, की गाडी रुबाबदार दिसते हे खरे. पण चाक दोन-तीन सेंटिमीटर बाहेर सरकल्याने गाडीच्या वागण्यात काय फरक पडतो? याचे उत्तर तुमच्या शाळेतील भूमिती आणि पदार्थविज्ञान यांतच दडलेले आहे.

ऑफसेट म्हणजे काय?

चाकाच्या रिमचे रुंदीच्या दिशेने बरोबर दोन सारखे भाग करणारे एक प्रतल कल्पनेने काढा. हे झाले चाकाचे मध्यप्रतल. आता चाकाची तबकडी हबवर जेथे बोल्टांनी घट्ट बसते, ती बैठक पाहा. बैठक आणि मध्यप्रतल यांमधील अंतराला ‘ऑफसेट’ म्हणतात. ते मिलिमीटरमध्ये मोजतात. बैठक मध्यप्रतलाच्या बाहेरच्या बाजूस असेल तर ऑफसेट धन, आतल्या बाजूस असेल तर ऋण आणि दोन्ही एकाच जागी असतील तर शून्य. हब जागचा हलत नाही. म्हणून ऑफसेट जितका कमी, तितके चाक बाहेर सरकते.

टायरवरील आकडे

टायरच्या बाजूवर २४५/७० आर १६ असे काही लिहिलेले असते. २४५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास. यावरून पूर्ण टायरचा व्यास काढता येतो. भिंतीची उंची १७१.५ मिमी, ती वर आणि खाली अशी दोनदा येते. रिमचा व्यास १६ × २५.४ = ४०६.४ मिमी. एकूण व्यास ७४९.४ मिमी.

आता २६५/७० आर १६ हा टायर घ्या. रुंदी २० मिमीने वाढली. पण टक्केवारी तीच असल्याने भिंतही उंच झाली. त्याचा व्यास येतो ७७७.४ मिमी, म्हणजे सुमारे ३.७ टक्के जास्त. वेगदर्शक चाकाच्या फेऱ्यांवरून वेग दाखवतो. जुन्या टायरवर तो अचूक असेल, तर नव्या टायरवर काटा ६० वर असताना गाडी खरे तर ताशी ६२ किलोमीटरहून थोड्या अधिक वेगाने धावत असेल. शिवाय त्रिज्या वाढल्यामुळे तेवढेच ब्रेक दाबले तरी रस्त्यावर मिळणारा रोध थोडा कमी होतो.

बाहेर किती, आत किती?

समजा, मूळ चाकाचा ऑफसेट धन ३० मिमी आहे आणि तुम्ही वरील २० मिमी जास्त रुंदीचा टायर निवडला. जास्तीची रुंदी दोन्ही बाजूंना १०-१० मिमी वाटली जाते. आता तीन पर्याय पाहू.

ऑफसेट ३० च ठेवला, तर टायर बाहेर १० मिमी आणि आत १० मिमी सरकेल. आतील बाजूस स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर वगैरे भाग असतात. तेथे तो घासू शकेल.

ऑफसेट २० केला, तर सगळे चाक १० मिमी बाहेर येईल. आतील मोकळी जागा पूर्वीइतकीच राहील आणि बाहेरची कड २० मिमी पुढे येईल.

ऑफसेट शून्य केला, तर आत २० मिमी जागा जास्त मिळेल. पण बाहेरची कड ४० मिमी पुढे येईल. पुढचे चाक वळवताना ही कड मोठा कंस काढते आणि मडगार्डच्या मागच्या भागावर आपटू शकते. शिवाय चिखल आणि खडे गाडीच्या अंगावर उडतात ते वेगळेच.

तरफेचा नियम

समजा, एका चाकावर ५०० किलोग्रॅमचा भार आहे. हा भार हबमधील बेअरिंगांवर नीट वाटला जावा अशा बेताने कारखान्यातील अभियंते ऑफसेट ठरवतात. चाक ३० मिमी बाहेर सरकले, की या भाराला ३० मिमीची जादा तरफ मिळते. ५०० × ९.८ × ०.०३ = १४७ न्यूटन-मीटर. एक मीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला १५ किलोचे वजन टांगल्यावर जेवढा पीळ पडेल, तेवढा हा होतो. तो बेअरिंगांना सतत सोसावा लागतो आणि त्यांचे आयुष्य घटते.

दुसरा परिणाम अधिक धोक्याचा आहे. स्टिअरिंग फिरवल्यावर पुढचे चाक एका तिरप्या आसाभोवती वळते. हा आस खाली वाढवला, तर तो जमिनीला टायरच्या मध्याजवळ भेटतो. चाक बाहेर सरकले, की हे अंतर सामान्यतः वाढते. मग एक चाक खड्ड्यात गेले किंवा एका बाजूचा ब्रेक जास्त लागला, तर स्टिअरिंगला जोराचा हिसका बसतो.

रुंद टायर, जास्त पकड?

अनेकांना वाटते, की टायर रुंद झाला म्हणजे जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ त्याच प्रमाणात वाढते. दाबाचे सूत्र आठवा. भार ५०० किलो आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २.५ किलो असेल, तर टेकणारे क्षेत्रफळ ढोबळमानाने २०० चौरस सेंटिमीटर येते. दाब तोच ठेवून टायर रुंद केला, तर हा ठसा रुंद पण आखूड होतो. क्षेत्रफळात फारसा फरक पडत नाही. कोरड्या रस्त्यावर वळताना रुंद ठशाचा फायदा होतो. पावसात मात्र त्याला जास्त पाणी बाजूला सारावे लागते आणि वेगात टायर पाण्यावर तरंगण्याचा धोका वाढतो.

क्षेत्रफळ खरोखर वाढवायचे, तर हवेचा दाब कमी करावा लागतो. आइसलंडमधील आर्क्टिक ट्रक्स ही कंपनी हेच करते. तिने बदललेल्या टोयोटा हायलक्स पिकअपने २००७ साली बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या कार्यक्रमासाठी १९९६ च्या चुंबकीय उत्तर ध्रुवाच्या जागेपर्यंत मजल मारली. तिला ३८ इंची टायर होते. पण केवळ चाके बदलून हे साधले नव्हते. गाडीचे इतर भागही त्यासाठी बदलले होते. आणि कमी दाबाचे टायर बर्फावर चालतात, सडकेवर भरधाव नेल्यास ते तापून फुटू शकतात.

निवड कशी करावी?

रिमची रुंदी टायर-कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत हवी. टायरची भार पेलण्याची क्षमता मूळ टायरपेक्षा कमी नको. ऑफसेट शक्यतो मूळ आकड्याजवळ ठेवावा. चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि स्प्रिंग पूर्ण दाबली गेली असताना टायर कोठे घासत नाही ना, हे पाहावे. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ वाहनातील फेरफारांवर मर्यादा घालते. तीही आधी तपासावी.

आता एक काम करा. घरातील किंवा शेजारच्या गाडीच्या टायरवरील आकडे वहीत टिपा आणि त्यावरून टायरचा व्यास काढा. मग चाकावर खडूने खूण करून गाडी सपाट जागी मोठ्यांकडून एक पूर्ण फेरा ढकलून घ्या आणि जमिनीवरील अंतर मोजा. त्याला ३.१४ ने भागल्यावर येणारा आकडा थोडा कमी भरेल. तो कमी का भरतो, याचे कारण शोधून पाहा!