हक्काचा दाखला

आंधळ्या-पांगळ्या पोराला लोक घरात बसवून ठेवीत. 'नशिबाचे भोग' म्हणत. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण आता कायदा त्याच्या पाठीशी आहे.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. सरकारी नोकरीत शंभरात ३ जागा राखीव होत्या, त्या ४ झाल्या. ज्याचे अपंगत्व शंभरात ४० किंवा जास्त, त्याला हा लाभ. अशा मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत शिक्षण फुकट.

पण दाखला नसेल तर पदरात काही पडत नाही. म्हणून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. दाखला आणि ओळखपत्र मागा. ही भीक नव्हे, हक्क आहे. पोराला लपवू नका, शाळेत धाडा.