वॉक्सहॉलचे रंगपीठ

लंडनच्या दक्षिण भागात, थेम्स नदीपासून हाकेच्या अंतरावर, 'रॉयल वॉक्सहॉल टॅव्हर्न' नावाचे जे मद्यगृह आहे, त्याची अर्धवर्तुळाकार दर्शनी बाजू पाहणाऱ्या नवख्या वाटसरूला, समलिंगी आणि पारलिंगी कलावंतांच्या कित्येक पिढ्यांनी आपली रंगभूमी येथेच घडविली, याची कल्पना सहसा येत नाही. 1859 साली कायमचे बंद पडलेल्या विख्यात वॉक्सहॉल उद्यानाच्या जागेवर, पुढच्या दोन-चार वर्षांतच ही इमारत उभी राहिली.

मद्यगृहाचेच नाट्यगृह व्हावे, याला कारण होते. इंग्लंडात 1968 पर्यंत प्रत्येक नव्या नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या दप्तरी धाडून परवाना घ्यावा लागे. आणि समलिंगी प्रेमाचा उल्लेख तर तेथे 1958 पर्यंत सरसकट निषिद्ध होता. गाणी आणि नकला यांना हा जाच नव्हता. साहजिकच जे नाट्यगृहात बोलता येत नसे, ते स्त्रीवेषधारी नटांच्या तोंडून, म्हणजे ज्याला तिकडे 'ड्रॅग' म्हणतात त्या प्रकारातून, मद्यगृहात बोलले जाऊ लागले. येथील नट पूर्वी मद्याच्या वक्राकार फळीवरच चढून खेळ करीत, आणि उंच टाचा जवळ येताच गिऱ्हाइके आपापले पेले लगबगीने उचलून घेत.

1980 च्या दशकात नट पॉल ओ'ग्रेडी यांनी स्त्रीवेषात साकारलेली लिली सॅव्हेज ही फटकळ बाई याच मंचावर लोकप्रिय केली. 1987 च्या जानेवारीत पोलिसांची धाड पडली, तेव्हा एड्सच्या धास्तीने अंमलदारांनी हातांत रबरी मोजे चढविले होते. ते पाहून लिलीने, भांडी घासायला मदतनीस आले, असे प्रेक्षकांना सांगितले. ज्यांच्या स्पर्शाचीही सरकारला भीती वाटत होती, त्यांच्या स्वाभिमानाचे रक्षण त्या क्षणी एका विनोदाने केले.

1995 पासून एमी लामे आणि सायमन कॅसन यांच्या 'डकी' या मंडळीने दर शनिवारी येथे नव्या प्रयोगांना वाव दिला. याच मंडळीच्या 'से बार्बिकन' या खेळात प्रेक्षक टेबलाशी बसून, खोट्या नोटा मोजून, यादीतले छोटे छोटे प्रयोग मागवीत. त्याला 2004 साली ऑलिव्हिए हे नाट्यपारितोषिक लाभले.

2014 मध्ये इमारत एका मालमत्ता-विकासक कंपनीच्या मालकीची झाली, तेव्हा चाहत्यांनी चळवळ उभारून अर्जविनंत्या केल्या. आणि 2015 च्या सप्टेंबरात, समलिंगी समाजाच्या इतिहासातील महत्त्व मान्य करून, सरकारने तिची संरक्षित वास्तूंत नोंद केली. ज्या राजसत्तेने धाड घातली, तिच्याच दप्तरात हा वारसा रुजू व्हावा, ही न्यायाची गोष्ट होय. तथापि सरकारी नोंद भिंतींना अभय देते, प्रयोगाला देत नाही. नवा नट आणि त्याला दाद देणारा प्रेक्षक तेथे येत राहतील, तोवरच या संरक्षणाला अर्थ आहे.