वाफेच्या सिगारेटची दुकाने कुठे उघडतात?

माव्यावर तंबाखूचा काढा फवारणारे शेतकरी आपल्यात अजूनही असतील. त्या काढ्यात किडीला मारते ते द्रव्य निकोटीन. ओल्या तंबाखूत काम करताना तेच कातडीतून अंगात भिनते आणि मळमळ, चक्कर सुरू होते. निपाणीकडच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. हेच निकोटीन गोड वासाच्या द्रवात घालून, बॅटरीच्या नळीत तापवून, वाफ ओढतात. ही ई-सिगारेट. अमेरिकेत तिला वेप म्हणतात.

तेथे २०१० नंतर नुसती वेप विकणारी दुकाने पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखी उगवली. कोणत्या वस्तीत ती उघडतात व कोणत्या वस्तीत बंद पडतात, हे पाहणारे अभ्यासकही निघाले. लॉस एंजेलिसच्या परिसरात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मंडळींनी गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक व कोरियन लोकांच्या वस्त्यांतली दुकाने स्वतः जाऊन पाहिली. साध्या सिगारेटचा हिशेब जुना आहे: गरिबांच्या व कृष्णवर्णीयांच्या वस्तीत दुकाने दाट. मेंथॉलची थंडगार सिगारेट तर कंपन्यांनी कृष्णवर्णीयांपुढे वर्षानुवर्षे मुद्दाम मांडली. वेपचा हिशेब इतका सरळ नाही, एका शहराचा निष्कर्ष दुसऱ्याला लागू पडत नाही. पण दुकानदार गिऱ्हाईक पाहून जागा भाड्याने घेतो, हे आपल्या बाजारातही आपण पाहतोच.

बंद पडण्याची कारणे मात्र बरीचशी कायद्यातली. २०१६ साली सरकारने वेपला तंबाखूचे नियम लावले. दुकानातच द्रव कालवून विकणारा छोटा दुकानदार एकदम कारखानदार ठरला, आणि कारखानदाराचे कागद त्याला कुठले झेपणार! २०१९ मध्ये फुप्फुसांच्या एका नव्या आजाराने देश घाबरला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण इस्पितळात गेले वा दगावले, त्यांपैकी मृत्यू ६८. दोष मुख्यतः गांजाच्या अर्कात मिसळलेल्या एका तेलकट द्रव्याचा निघाला, पण दहशत सगळ्याच वेपची बसली. डिसेंबर २०१९ मध्ये विक्रीचे वय २१ झाले. डिसेंबर २०२२ पासून कॅलिफोर्नियातल्या दुकानांत फळांच्या स्वादाची वेप बंद झाली. तरीही दुकान मिटले म्हणजे वेप गेली असे नव्हे. ती पेट्रोल पंपावर व कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळत होतीच.

आपल्याकडे सप्टेंबर २०१९ पासून ई-सिगारेट बनवणे, आणणे, विकणे, जाहिरात करणे सारेच बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा २००३ चा कायदा आहेच. ही नळी कधी पेनासारखी, कधी संगणकाला लावायच्या पेनड्राइव्हसारखी दिसते, आणि धुराचा वास येत नाही. मुलाच्या दप्तराला विनाकारण आंब्याचा किंवा पुदिन्याचा वास येत असेल, तर रागावण्याआधी ती कुठून घेतली ते विचारावे.